वडाचा चीक

शनिवार, शिवरात्रीचा दुसरा दिवस

सगळ्यात आधी आली ती सरजाबाई. पाहुण्यांची जीप अजून वेशीत धूळ उडवत होती, तोवर ही आमच्या पायरीवर येऊन बसलीसुद्धा. म्हणाली, "मल्लम्मा, लातूरची जीप हाय. म्होरच्या काचेला हार हाय. म्हंजी पोरगी बघाय आले."

मी म्हणाले, "तुला जिपेच्या हारावरून कळतं, आणि मला माझ्या घरातलं कळत नाही." खरंच कळलं नव्हतं. शिवप्पानं, माझ्या लेकानं, एका शब्दानं सांगितलं नव्हतं. सून महानंदा पहाटेपासून शेवया भाजत होती. मला वाटलं, उपास सोडायला असतील.

सरजाबाई बौद्धवाड्यातली. आमच्या तुरीत खुरपायला यायची. यंदा तूरच नाही, तरी येते. पायरीवर बसते. मी कधी वर ये म्हणाले नाही, तीही कधी आली नाही. तिची कपबशी बाहेरच्या कोनाड्यात असते. गावातल्या बातम्या मात्र माझ्याकडे आधी येतात त्या तिच्यामुळेच.

तर पाहुणे. नवरदेव पंचाक्षरी, त्याची आई आणि एक मामा. लातुरात कापडाचं दुकान. पहिली बायको वारली. कपाळावर विभूती झोकदार, पण वरचे केस पातळ. वय विचारलं तर त्याची आई म्हणाली, चौतीस. पायरीवरून सरजाबाई पुटपुटली, "चौतीस कवा झाला त्ये ईच्यार." मला एवढा ठसका लागला की महानंदानं पाणी आणून दिलं. वाटीभर पाणी वाया गेलं.

आणि दानू, माझी नात, दानम्मा. बारा संपून तेरावं लागलंय. शाळेतून आली तशी तिला आत ओढली आणि लुगडं गुंडाळलं. पाहुण्यांनी नाव-गाव विचारलं तर एका दमात म्हणाली, "दानम्मा शिवप्पा, तालुका उदगीर, जिल्हा लातूर." गुरुजींनी यंदा सगळ्यांना पुस्तकातला जुना जिल्हा खोडून नवा लिहायला लावला ना, तेव्हापासून तिला ते म्हणायला फार आवडतं. पाहुणे हसले. मामा म्हणाला, "वा, जिल्हा पाठ हाय! आता जिल्ह्याच्या गावालाच या." आणि नारळ ठेवला.

ही वही दानूचीच, गेल्या सालच्या उरलेल्या पानांची. मला अक्षरं तिनंच शिकवली. म्हणते, रोज लिही अज्जी, नाहीतर हात विसरतो.

रविवार

घरात नळ आहे म्हणे. पंचाक्षरीच्या आईनं काल जेवताना सांगितलं, आमच्यात सकाळी नळ येतो, आतच, मोरीत. तेव्हापासून महानंदाच्या डोळ्यांपुढे तो नळच वाहतोय. आज टँकर आला नाही. ती विहिरीत उतरून खडकातलं पाणी वाटीनं घागरीत भरत होती. वर आली आणि माझ्यापुढे डोकं वाकवलं. "अत्ती, बघा, घागरीनं टाळूचे केस गेले. माझ्या पोरीच्या डोक्यावर घागर नको. दुसरं काय मागून राहिले मी?"

वाईट नाही ती. तिला काय बोलू?

शिवप्पा म्हणाला, "मानूस चांगला हाय. काही मागत न्हाई. अखितीला उरकू."

मी म्हणाले, "तो आधी जाईल रे."

"अव्वा, असं अभद्र बोलू नको."

अभद्र काय त्यात? मी अकराची होते तेव्हा ते तिशीपुढचे होते. शिवप्पा मांडीवर असताना माझं कपाळ पुसलं. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक लग्नात मी मागच्या खोलीत बसते. हळद लावायला मला कुणी बोलावत नाही. शेवया मात्र सगळ्यांना माझ्या हातच्या लागतात. असो.

दानू मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "अज्जी, अखिती परीक्षेनंतर येते ना?" मी म्हणाले, हो. मग म्हणाली, "आणि आठवी?"

गुरुवार

सुचलं! आज इतकं छान वाटतंय की कधी एकदा लिहिते असं झालं.

माझ्या माहेरी मठात एक बैरागी राहायचा. जटा गुडघ्यापर्यंत. लोक म्हणायचे, तपानं वाढल्या. त्याला भाकरी पोचवायला मी जायची, मी पाहिलं होतं. वडाचं पान खुडायचं, देठातून पांढरा चीक गळतो तो करवंटीत धरायचा, गोवरीच्या राखेत कालवायचा, केसांच्या बटेला लावायचा आणि तळहातांवर वळायचा. म्हणाला, पोरी, कुणाला सांगू नको, शेंगदाणे देतो. मी शेंगदाणे खाल्ले आणि सांगितलं नाही. आज दानूला सांगितलं.

जट आलेल्या पोरीला कोण करून नेतो? ती डोंगरावरच्या आईची, देवीची झाली. आईला न विचारता तिच्याशी लग्न लावणारा माणूस वाचत नाही, असं सगळेच मानतात. आणि पंचाक्षरीची तर एक बायको आधीच गेलेली. त्याची आई उंबऱ्यावरूनच पळेल. मग आठवड्यानं आपण कातर घ्यायची आणि सांगायचं, आपोआप गळली, आईनं परत नेली. झालं!

गोठ्यामागे बसलो. मी फणी उलटी फिरवली, कानामागची एक बट फुगवली, चीक लावला आणि वात वळते तशी वळली. माझे हात तिच्या केसांना चिकटले, सुटेनात. ती म्हणाली, "अज्जी, आता चिकटलो दोघी. नवरदेवाला दोघींना न्यावं लागंल."

"मलाच ने म्हणावं. नळाखाली बसते दिवसभर."

इतकं हसलो, इतकं हसलो की म्हैस वळून बघायला लागली. बोटांना काळे डाग पडलेत. राखेनं घासले, जात नाहीत.

मंगळवार

दानूनं ठरल्याप्रमाणे केलं. सकाळी केस सोडून आईपुढे बसली. महानंदाची फणी अडकली. तिनं बट हातात धरून पाहिली आणि किंचाळली, "अत्ती! पोरीला जट आली!" मी तोंडात पदर कोंबला. बघणाऱ्यांना वाटलं, म्हातारी रडतेय.

दुपारपर्यंत अंगण भरलं. नारळ, हळद, कुंकू. ज्या बाया मला मागच्या खोलीत बसवतात, त्या दानूच्या पाया पडल्या आणि मग माझ्याही पडल्या. एकीनं तर मला हळद लावली. किती वर्षांनी कपाळाला हळदीचा गार हात लागला. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

सरजाबाई पायरीवरून माझ्या बोटांकडे बघत होती. काही बोलली नाही. तिनं न बोलणं हे नवीनच.

शनिवार

लातूरहून नारळ परत आला. जिंकलो! दानूनं गोठ्यामागे मला मिठी मारली. महानंदा रिकामी घागर पुढ्यात घेऊन दिवेलागणीपर्यंत अंगणात बसून होती.

सोमवार

आज जट काढायची होती. शिंप्याकडून कातर मागून आणली, पदराखाली लपवली, पण शिवप्पानं बघितली. माझा लेक ओरडणारा नाही. तो ओरडला नाहीच, पांढरा पडला. म्हणाला, "अव्वा, पलीकडच्या गावात एकीनं जट कापली, तिचा बाप चौथ्या दिवशी गेला. तुला मी नको झालो का?" कातर घेतली आणि पेटीत घालून कुलूप लावलं.

मग मी महानंदाला सगळं सांगितलं. बैरागी, चीक, राख, सगळं. बोटंसुद्धा दाखवली. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "नका अत्ती, असं बोलू नका. तुमचा जीव हाय पोरीवर, म्हणून आळ सोत्तावर घेऊन राहिल्या. आई कोपंल."

सांगून टाकलं की. मग ऐकत नसतील तर माझा काय दोष?

होळी

बरेच दिवस लिहिलं नाही. येणारं-जाणारं फार. मंगळवारी-शुक्रवारी ओळ लागते. मी दानूच्या शेजारी पाटावर बसते, कोण कुठून आलं विचारते. एक बाई पार देगलूरहून आली, तिची सून आणि माझी आतेबहीण एकाच गावच्या निघाल्या. असं घरबसल्या कधी झालं होतं?

जटेची देखभाल मीच करते. फणी बंद, डोक्यावरून पाणी बंद. एक तर आईचा नेम, आणि पाणी तरी कुठाय? हळद भरते, करंजीचं तेल चोळते, झोपताना फडक्यात बांधते. उवा झाल्यात, म्हणून कापूर लावते. मानेला एक जखम झालीय, चिघळते. दानू म्हणते, डोकं जड लागतं.

आज हळद भरताना नीट पाहिलं आणि हात थांबला. मी वळली होती ती एकच बट, कानामागची. आता मानेपासून टाळूपर्यंत सगळं बसलंय, घोंगडीसारखं. त्या केसांना मी चिकाचं बोटही लावलं नव्हतं. मग त्या जटा कुणी वळल्या?

मी जटांना हात जोडले.

दानूला विचारलं तर म्हणाली, "अज्जी, इंचरलंच न्हाई तर गुंता हुनारच की." पोर आहे, तिला काय कळतं.

रंगपंचमी

गुरुजी पाया पडले. दानू शाळेतून मधेच घरी आली. म्हणाली, वर्गात उत्तर चुकलं तर गुरुजींनी छडी उचलली, मग खाली ठेवली, चप्पल काढली आणि पोरांच्या देखत नमस्कार केला. "आता मी कशी जाऊ अज्जी? माझं चुकलेलं कुनी सांगतच न्हाई."

मी म्हणाले, केवढा मान! ती दप्तर भिंतीला टांगून मागे गेली. आज माझ्या या वहीतल्या चुका तपासायला आली नाही. उद्या येईल.

बुधवार

पाणी लागलं! आई गं, पाणी लागलं!

सरकारी बोअरचं मशीन आलं होतं. सरपंचानं दोन जागा दाखवल्या, दोन्हीकडे नुसता धुरळा. तिसऱ्या वेळी दानूला नेऊन बसवलं, तालमीच्या मागे, जिथे पूर्वी एक साहेब जमिनीत तारा लावून, पाणी मोजून चुन्याची फुली मारून गेले होते. ती बसली तिथे मशीन लावलं आणि पांढरा फवारा वडाच्या उंचीएवढा! बाया नाचल्या. महानंदा चिखलात लोळली. फुली साहेबाची होती हे खरं, पण फुलीनं कुठं पाणी येतं?

आता मला सगळं कळलं. मला वाटत होतं, मी आईला फसवलं. माझी कसली अक्कल एवढी? आईलाच ही पोर हवी होती, तिनंच माझ्या हाताला बुद्धी दिली. बैरागीसुद्धा तिनंच दाखवला होता, मी एवढीशी असताना. केवढा आधीपासूनचा बेत!

दानूनं पळत जाऊन डोकं फवाऱ्याखाली धरलं. दोन्ही हातांनी खसाखसा चोळायला लागली. चार बायांनी ओढून काढली. जटेचं पाणी खाली गळालं ते लोक ओंजळीत धरून प्याले. पोर ओरडत होती, मला न्हाऊ द्या, मला न्हाऊ द्या. बाया म्हणाल्या, अंगात आलं.

शुक्रवार

सरजाबाई आज उंबरठा ओलांडून आत आली. पहिल्यांदाच. घरात मी आणि दानू दोघीच होतो. तिच्या हातात कातर होती, मेंढ्या कातरायची, भली मोठी.

म्हणाली, "मल्लम्मा, तुझी बोटं म्या पयल्याच दिवशी बघितली. वडाचा डाग मला कळतो. बस पोरी खाली."

दानू पटकन बसली. मान पुढे केली.

मी मधे गेले. "सरजे, पाप लागेल."

"माझ्या सासूला गुडघ्यापस्तोर जट हुती. आमी देव सोडले त्या साली माझ्या नवऱ्यानं, भीमानं, कापली. म्हातारी लई वर्सं जगली वर. डोकं हलकं झालं म्हून अंगनात नाचली व्हती ती."

"तुमचं वेगळं. तुम्ही आईला सोडलंत, म्हणून आईनंही तुम्हाला सोडलं."

"आमाला सोडलं त्ये बरंच झालं. तुला आई घावली, पन नात हाय का तुला अजून?"

असं बोलली ती मला. इतक्या वर्षांची ओळख. मला राग आला आणि मी शिवप्पाला हाक मारली. गोठ्याकडून महानंदा आधी धावली. घरात कोण शिरलंय ते बघून तिनं केवढा आरडाओरडा केला, गोमूत्र शिंपडलं. सरजाबाई कातर काखेत मारून निघाली. पायरीवर थांबली आणि म्हणाली, "दाने, पळता आलं तर माझ्याकडं ये."

दानूला उठवलं तर मान तशीच पुढे वाकवून बसलेली.

पाडवा

सरजाबाई येत नाही. गावात काय चाललंय काही कळत नाही. कपबशी कोनाड्यात आहे, तिच्यात मुंग्या झाल्यात.

सोमवार

या वेळी जीप आली ते सांगायला कुणी आलं नाही. दारात थांबल्यावरच कळलं.

सीमेपलीकडून आले, डोंगरावरच्या आईच्या ठाण्यावरून. बोअरची गोष्ट तिथवर गेलीय म्हणे! कमलम्मा नावाची म्हातारी जोगतीण, तिची जट एवढी लांब की कवड्या लावलेल्या झोळीत घालून खांद्यावर घेतलेली. बरोबर दोन माणसं, एकाचा शर्ट रेशमी, बोटात अंगठ्या. मी स्वतः शेवया केल्या.

कमलम्मानं दानूला जवळ घेतलं, "बा मगळे" म्हणाली, म्हणजे ये लेकी. जटेवर नाक ठेवून वास घेतला. मग माझा हात हातात घेतला आणि बोटं उलटसुलट करून पाहिली. डाग आता फिके झालेत, पण आहेत. हळूच म्हणाली, "माझ्या अज्जीच्या बोटांनाबी असंच हुतं."

बघा! म्हणजे आई नेहमी अज्ज्यांच्याच हातानं करून घेते. मी तिला तसं म्हणाले. ती माझ्याकडे बघत राहिली. मग हात सोडला.

रेशमी शर्टवाला शिवप्पाला म्हणाला, पोरगी आईला द्यायची, तिथेच राहील, गळ्यात मणी बांधू, गावाला पाण्याची ददात पडणार नाही. महानंदानं पाण्याचं ऐकलं आणि पदरानं डोळे पुसले. मग त्यानं मला विचारलं, "पोरगी शहाणी झाली का?" मी म्हणाले, अजून नाही, होईल आता. म्हणाला, तोवर शिकेल तिथं.

दानूनं मान वर केली. "आठवी?"

तो हसला. "आईची गाणी शिकशील."

मी एकच विचारलं, नवऱ्याचं काय? कमलम्मा म्हणाली, "तिचं लगीन आईशी. तिचं कपाळ कोन पुसनार? ती कदी रांडाव हुनार न्हाई."

हे ऐकलं आणि मला रडूच आलं. मी एवढंच तर मागत होते. पंचाक्षरीकडे हे मिळालं असतं का? कधीच पुसायचं नाही असं कपाळ! हळदीला सगळ्यात पुढे बसेल माझी दानू.

ते गेल्यावर दानू गोठ्यामागे सापडली. म्हणाली, "अज्जी, लातूरवाल्यांना निरोप धाड. मी जाते तिथं. नळ नसला तरी जाते."

मला हसू आलं. "येडे, आता तुला कोण नेतो?"

ती हसली नाही. माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "तूच वळली ना? मग तूच सोड."

मी तिला सगळं समजावून सांगितलं, आईचा बेत, बैरागी, फुली, पाणी. तिनं ऐकून घेतलं. मग वही मागितली. मला वाटलं चुका तपासेल, पण तिनं शेवटचं कोरं पान काढलं आणि तिच्या सुंदर अक्षरात वरती लिहिलं, दानम्मा शिवप्पा, तालुका उदगीर, जिल्हा लातूर. पुढे काही लिहिलं नाही. पान माझ्या वहीतच राहू दे म्हणाली.

शिवप्पा तिला हिरवं लुगडं आणायला उदगीरला गेलाय. मी हळद कांडायला घेतलीय. ते न्यायला येणार त्या दिवशी तिचा भूगोलाचा पेपर आहे, असं ती म्हणत होती, पण आता पेपरचं काय?

चैत्री पौर्णिमेला येतो म्हणाले. बुधवार आहे.